वहिनीचा कान आणि माझा नादकाटा

दवाखान्यात वहिनीच्या कॉटच्या पायाशी अडकवलेल्या कागदावर सिस्टरनं लिहिलं होतं, 'रुग्ण हाकेला प्रतिसाद देत नाही.' ते वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. जन्म शिकवण्यात गेला, त्यामुळं चुकीचं लिहिलेलं दिसलं की मला गप्प बसवत नाही. "अहो, ती प्रतिसाद देत नाही असं नाही, तिला ऐकूच येत नाही," मी म्हटलं. "समोर उभ्या राहा, दंडाला हात लावा, आणि मग मोठ्यानं हाक मारा." सिस्टर बिचारी चांगली होती. म्हणाली, "कानाचं यंत्र कुठंय त्यांचं?" यंत्र माझ्या पर्समध्ये होतं, भरती करताना काढून माझ्या हातात दिलेलं, आणि त्यातले सेल संपलेले होते. मी रिक्षा केली आणि औरंगपुऱ्यात गेले. शर्टाच्या बटणाहून लहान असतात ते सेल. दुकानदार ड्रॉवरमध्ये पाकीट शोधत असतानाच दादाचा फोन आला. "ये परत," तो म्हणाला. मी म्हटलं, "सेल घेतेय, दोन मिनिटं." तो म्हणाला, "नको घेऊ आता..." आणि फोन ठेवला. मी सेल घेतले. का घेतले ते मला सांगता येणार नाही. दुकानदारानं पाकीट पुढं केलं होतं, म्हणून घेतले असतील.

वहिनीला जाऊन आता सहा आठवडे झाले. वहिनीवर लिहा, असं वर्तमानपत्राच्या पुरवणीतून सांगणं आलं, तेव्हा आधी मी नाही म्हटलं. ती काही कुणी प्रसिद्ध बाई नव्हती. पण माझ्याकडं तिच्याबद्दल सांगण्यासारखी एक गोष्ट आहे, ती मी कुणालाच सांगितलेली नाही, आणि आता ज्यांना सांगायला हवी होती त्या यादीतलं पहिलं नाव खोडलं गेलंय.

दादाचं लग्न झालं तेव्हा मी नुकती शाळेत विज्ञान शिकवायला लागले होते. वहिनी गंगापूर तालुक्यातली, गोदाकाठच्या खेड्यातली. बैठकीत तिची आई सगळा वेळ नुसती हसत बसली होती. काही विचारलं की हसायची, पुन्हा विचारलं की पुन्हा हसायची. नंतर कळलं, बाईला काही ऐकू येत नव्हतं. वहिनीच्या मावशीलाही नव्हतं. आमच्याकडं त्यावर थोडी कुजबुज झाली, पण मुलगी बघितली आणि सगळे गार पडले. इतका हळू आवाज! आमच्या घरात सगळेच तारस्वरात बोलणारे, मी तर वर्गात आणि घरात एकाच पट्टीत बोलते. ही बाई बोलली की जवळ सरकावं लागायचं. वडील आल्यागेल्याला कौतुकानं सांगायचे, सुनेचा आवाज शेजाऱ्यालाही ठाऊक नाही म्हणून. मराठवाड्याच्या खेड्यातून आलेली, पण तिचं "व्हय" आणि "नाय"सुद्धा पिठासारखं मऊ असायचं. मी लग्न केलं नाही, त्यांच्यातच राहिले, आणि खरं सांगायचं तर तिच्या त्या मऊपणाचा मी भरपूर फायदा घेतला. उलट उत्तर न देणाऱ्या माणसासमोर आपण जरा जास्तच बरोबर असतो.

अमोल झाला आणि त्यानंतर घरात एक नवं वाक्य आलं, "लक्ष कुठं असतं तुझं?" दूध उतू जायचं. कुकरच्या शिट्ट्या मोजायला सांगितलेलं असायचं आणि डाळीचा कोळसा व्हायचा. मूल आतल्या खोलीत रडून लाल व्हायचं आणि ही ओट्यापाशी शांतपणे मेथी निवडत उभी. दादा तिरसट माणूस आहे, हे त्यानं वाचलं तरी चालेल. तो ओरडायचा. ओरडलं की तिला ऐकू यायचं, आणि मग तो म्हणायचा, "बघ, आता कसं ऐकू आलं!" मीही तेच म्हणायचे. आम्ही दोघं बहीणभाऊ तिला ओरडून बोलायचो आणि तिला ऐकू येतं याचा पुरावा म्हणून तेच ओरडणं पुढं करायचो. विज्ञानाची शिक्षिका म्हणून मला यात काही गडबड वाटायला हवी होती. नाही वाटली.

पुढं आम्ही जुन्या भाड्याच्या घरातून शहराच्या कडेच्या सातारा परिसरात राहायला गेलो. रेल्वेरुळाच्या पलीकडं तेव्हा प्लॉटवर प्लॉट पडत होते. डोंगराच्या पायथ्यापर्यंत घरं गेली, पण नळ काही रूळ ओलांडून आला नाही. त्यातच दुष्काळाची ती वर्षं आली. जायकवाडीत चिखल उरलाय अशा बातम्या रोज यायच्या, सगळ्या गल्लीचे बोअर एकामागून एक कोरडे पडले आणि सगळी वस्ती टँकरवर जगू लागली. टँकर आला की निळे ड्रम रस्त्यावर, टँकरचं इंजिन चालू, वर पाण्याची मोटार चालू, आणि त्या गोंगाटात पंधरावीस बायका. मला तिथं दोन मिनिटं उभं राहवत नसे. वहिनी मात्र तिथं खुलायची. कोण काय बोललं, कुणाच्या सुनेचं काय झालं, पाइप आधी कुणी ओढला, सगळं तिला कळायचं. लगेच उत्तर द्यायची, हसायची. घरी आल्यावर पुन्हा तेच. "काय म्हनलं?" शेजारच्या सलमा भाभी एकदा माझ्यादेखतच म्हणाल्या, "टँकर पे तो बरोबर सुनती, घर में कायकू नै सुनती?" सगळ्या हसल्या. वहिनीही हसली. मी हसले नाही, कारण मला त्यात उत्तर सापडलं होतं. जिला एवढ्या आवाजात सगळं ऐकू येतं तिचा कान बिघडलेला असेलच कसा? तिला घरातलं ऐकायचंच नाही.

तरीही दादाच्या मनात शंका होती. तिरसट असला तरी बायकोवर त्याचा जीव होता. त्यानं कानाच्या डॉक्टरची वेळ घेतली, कामावर रजाही टाकली. आदल्या दिवशी मी म्हटलं, "थांब, मी बघते आधी." कान हा धडा मी दरवर्षी शिकवायचे आणि बरा शिकवायचे. बाह्यकर्ण, मध्यकर्ण, अंतर्कर्ण. पडदा हलतो, पडद्याला चिकटलेली हातोडी हलते, हातोडीनं ऐरण, ऐरणीनं रिकीब. रिकीब हे आपल्या शरीरातलं सगळ्यात लहान हाड, तांदळाच्या दाण्याहून बारीक, तिनं आतल्या कानाच्या खिडकीवर टकटक केली की कर्णावर्तातलं पाणी हलतं आणि आपल्याला ऐकू येतं. फळ्यावर हे चित्र मी डोळे मिटून काढू शकायचे. तर मी शाळेतून नादकाटा आणला. रबरावर आपटला की गुणगुणतो तो.

आता माझी हुशारी ऐका. काटा कानाजवळ धरला तर ती डोळ्याच्या कोपऱ्यातून बघेल आणि हो म्हणेल, असं मला वाटलं. म्हणून मी तिला डोळे मिटायला लावले, मागं उभी राहिले आणि काट्याची दांडी तिच्या कानामागच्या हाडावर टेकवली. तेवढ्यावर थांबले नाही. कधी वाजवलेला काटा टेकवला, कधी मुका. तिनं फसवू नये म्हणून. दहा वेळा केलं. वाजता असेल तेव्हा ती "हाय" म्हणायची, मुका असेल तेव्हा "नाय". दहापैकी दहा बरोबर. आणि तिला इतका आनंद झाला होता! डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाली, "ताई, लई ग्वाड वाजतंय हो. अजून एकदा लावा." मी लावला नाही. काटा पुसून डबीत ठेवला आणि दादाला सांगितलं, "वेळ रद्द कर. कानाला काही झालेलं नाही. लक्ष नसतं, एवढंच."

दादानं वेळ रद्द केली. त्याला कुठं हौस होती दवाखान्याची! आणि वहिनीनं माझं म्हणणं आमच्या दोघांपेक्षा जास्त मनावर घेतलं. शेजारणी काही म्हणाल्या तर सांगायची, "आमच्या ताईंनी मशिनीनं बघितलं. कान चांगलाय. माझंच ध्यान नसतंय." ते ध्यान सुधारायला तिनं काय काय केलं! रोज सकाळी पाच बदाम भिजवून सोलून खायची. कुणीतरी सांगितलं म्हणून ब्राह्मीचं तेल लावायची, कढईत काही शिजत असलं की दुसरं काही न करता कढईसमोर उभी राहायची. कुणी बोलायला लागलं की हातातलं काम खाली ठेवून तोंडाकडं टक लावून बघायची. आम्हाला वाटायचं, सुधारली. ती आमचे ओठ वाचायला शिकत होती. अशी किती वर्षं गेली ते मोजायची हिंमत मला होत नाही. अमोल दहावी झाला, इंजिनिअर झाला, पुण्याला गेला. रुळाच्या पलीकडं नळही आला शेवटी, आठवड्यातून एकदा का होईना. टँकर बंद झाला आणि वहिनीचं बोलणं जवळजवळ थांबलं. मी म्हणायचे, वय झालं की माणूस शांत होतं.

अमोलचे फोन यायचे ते ती कानाला लावायची आणि थोड्या वेळानं माझ्याकडं द्यायची. "तुम्हीच बोला, मला काम हाय." एकदा अमोल आला तेव्हा तिच्या पाठीमागून तीन वेळा "आई" म्हणाला, तिनं वळून पाहिलं नाही. पोरगा रडायच्या बेतात आला. त्यानं कुणाचं काही ऐकलं नाही, दुसऱ्याच दिवशी जालना रोडवरच्या एका दवाखान्यात तिला घेऊन गेला. मी सोबत होते. दादा गाडी लावायला गेला, अमोल केसपेपर काढत होता, त्यामुळं आत आम्ही दोघीच. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. कान बघितला, पडदा चांगला आहे म्हणाल्या. मग त्यांनी खणातून नादकाटा काढला. मला उगाच बरं वाटलं, ओळखीचं कुणी भेटावं तसं. त्यांनी दांडी वहिनीच्या कानामागं टेकवली. वहिनीचा चेहरा उजळला. मग त्यांनी तोच काटा उचलून कानासमोर धरला आणि खुणेनं विचारलं, कुठं जास्त? वहिनीनं कानामागं बोट ठेवलं. पुढं तर काहीच नाही, म्हणाली.

डॉक्टरीणबाई मला समजावून सांगू लागल्या, आणि मी विद्यार्थ्यासारखी ऐकत राहिले. रिकिबीभोवती नको ते हाड वाढतं आणि ती जागच्या जागी थिजते. घराण्यात असतं, बायकांत जास्त, बाळंतपणानंतर बळावतं. पडदा ठीक, आतला कान ठीक, मधली टकटक बंद. अशा माणसाला स्वतःचा आवाज हाडातून मोठा ऐकू येतो, म्हणून तो हळू बोलतो. गोंगाटाच्या जागी त्याला उलट बरं ऐकू येतं. गोंगाट त्याच्यापर्यंत फारसा पोचत नाही, आणि बाकीचे लोक आपोआप ओरडून बोलत असतात. मला समोर निळे ड्रम दिसायला लागले. आणि काटा हाडावर टेकवला तर कंप कवटीतून थेट आतल्या कानात जातो, त्याला रिकिबीची गरजच नसते. दार अडकलंय का ते बघायला मी भिंतीतून आत शिरले होते, आणि बाहेर येऊन सगळ्यांना सांगितलं होतं की दार उघडं आहे. पुस्तकात हे होतं. पाठीमागच्या पानावर, परीक्षेला न येणाऱ्या मजकुरात.

"सुरुवातीला आल्या असत्या तर ऑपरेशन होतं," त्या म्हणाल्या. "रिकीब काढून तिथं नवी बसवतात, पुष्कळांना चांगलं ऐकू येतं. आता आतला कानही गेलाय. आता ऑपरेशननं फारसं हाती लागणार नाही." मग आवाज चढवून त्यांनी वहिनीला विचारलं, "आधी कुणाला दाखवलं नव्हतं का?" वहिनी त्यांच्या ओठांकडं बघत होती. म्हणाली, "दाखवलं ना. आमच्या ह्या ताई, त्या शाळेत हेच शिकवत्यात. त्यांनी बघितलं होतं." आणि माझ्याकडं बघून हसली. अभिमानानं. डॉक्टरीणबाईंनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घालून लिहायला लागल्या. त्या वेळी त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर मी त्यांची आयुष्यभर ऋणी राहिले असते.

बाहेर दादा आणि अमोलला मी सांगितलं की वंशातून आलेला आजार आहे, आता उपाय नाही. एकही शब्द खोटा नव्हता. यंत्र मिळालं. पहिले काही महिने त्यानं जरा ऐकू आलं, तिला फोडणीचा आवाज ऐकू आला तेव्हा ती लहान मुलीसारखी दादाला बोलवायला धावली होती. त्याच महिन्यांत मी सांगू शकले असते. हळू आवाजात, दोघीच असताना. नाही सांगितलं. मग कान आणखी गेला. दिवसभर कानात मोटार चालू असल्यागत वाजतंय, म्हणायची, आणि त्यावर तर काहीच उपाय सापडला नाही. आतल्या कानात बसवायच्या इम्प्लांटचा विषय निघाला तोवर तिचं हृदय इतकं दुबळं झालं होतं की भूल द्यायलाच कुणी तयार होईना.

एका दुपारी गच्चीवर आम्ही दोघी कुरडया घालत होतो. दादा खाली होता. मी म्हटलं, आज सांगायचंच. पण आता तिला काही सांगायचं तर ओरडून सांगावं लागायचं, आणि गच्चीवरून ओरडलं तर चार घरांना ऐकू गेलं असतं. 'वहिनी, तुझा कान माझ्यामुळं गेला,' हे वाक्य ओरडून म्हणून बघा. माझ्याच्यानं नाही झालं. मी साध्या आवाजात सांगितलं. सगळं सांगितलं, काटा, हाड, रद्द केलेली वेळ, सगळं. माझे डोळे भरले होते. ती माझ्याकडं बघत मान हलवत होती. "व्हय, व्हय," म्हणाली. "ऊन लई हाय, तुम्ही खाली जा ताई, मी घालते राहिलेल्या." ती मान मी ओळखते. काहीच ऐकू आलं नाही की ती तशी मान हलवायची, समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून. ओठ वाचून काही कळलं असेल का? मी सहा आठवडे त्या एका दुपारशी झगडते आहे. मला वाटतं, नाही. मान वळवून मी कुरडयांकडं बघत बोलत होते.

शेवटची वर्षं यंत्र लावून, ओरडून मारलेली हाक तेवढी पोचायची, बाकी सगळं वहीवर चाललं. शाळकरी दोनशे पानी वही, सुतळीनं पेन बांधलेलं. आम्ही लिहायचो, ती वाचायची आणि तोंडानं उत्तर द्यायची. अशा अकरा वह्या झाल्या. परवा मी त्या वाचत बसले, आणि माझ्या लक्षात आलं की त्यांत सगळं आमचंच आहे. 'गोळी घेतलीस का?' 'अमोल दिवाळीला येणार नाही.' 'हसतेस काय?' कशाला हसत होती, ते कुठंच नाही. तिची उत्तरं हवेत गेली. अकरा वह्यांत तिचा एक शब्द नाही. माझं अक्षर सगळ्यात जास्त, पानंच्या पानं, वळणदार, शिक्षिकेचं. आणि मला जे लिहायला हवं होतं ते एक वाक्य त्यात नाही, कारण वही टेबलावर उघडी पडलेली असायची आणि दादा येताजाता वाचायचा.

आता घरात आम्ही दोघंच. तिची कॉट खिडकीशी तशीच आहे. वीस वर्षांची सवय काही सहा आठवड्यांत जात नाही, त्यामुळं दादा आणि मी अजूनही ओरडून बोलतो. "चहा ठेवू का?" हे गल्लीच्या टोकापर्यंत जात असेल. हा लेख पाठवण्याआधी काल संध्याकाळी मी दादाला समोर बसवून पूर्ण वाचून दाखवला. रद्द केलेली वेळ आली, दवाखाना आला, गच्ची आली. एकही ओळ गाळली नाही. मध्येच केव्हातरी समोरच्या घराची खिडकी बंद झाल्याचा आवाज आला, तरी मी वाचत राहिले. संपलं. दादा कॉटकडं बघत बसला होता. मला वाटलं, आता तो मला घराबाहेर काढेल, किंवा निदान रडेल तरी. तो म्हणाला, "हळू वाचलं असतंस तरी चाललं असतं. मला ऐकू येतं."